‘देवावर सोपवा’ म्हणजे नेमकं काय करायचं?

प्रार्थनासभेत कुणी अडचण सांगितली की मागून हमखास आवाज येतो, ‘देवावर सोपवा.’ सांगणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. ऐकणारा मान हलवतो, आमेन म्हणतो, घरी जातो. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचं आधण ठेवताना त्याच्या लक्षात येतं, की सोपवायचं म्हणजे हातापायांनी काय करायचं हे कुणी सांगितलंच नाही. बँकेला फोन करायचा की नाही? औषध घेतलं तर भरवसा कमी पडला असं होतं का? रात्री झोप लागली नाही तर ते पाप धरायचं का?

मराठीत या प्रश्नाची दोन उत्तरं तयारच आहेत. ‘असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी’ ही म्हण आळशाची टर उडवते. ‘प्रयत्नांती परमेश्वर’ ही म्हण कष्टाळूची पाठ थोपटते. ख्रिस्ती घरांतही भरवसा बहुधा यांपैकी एकीकडे झुकलेला असतो. काही जण हात जोडून बसून राहतात. काही जण सगळं ओझं स्वतः ओढतात आणि दम संपला की देवाकडे वळतात. पवित्र शास्त्रातला भरवसा या दोन्ही म्हणींत बसत नाही. तिथे देव प्रयत्नांच्या अंती उभा नसतो, प्रयत्न चालू असतानाच त्यांत असतो. बोलायला हे सोपं आहे, पण रोजच्या व्यवहारात ते कसं दिसतं हे तपशिलात जाऊनच पाहावं लागतं.

आधी शब्द

आपण प्रत्येक प्रार्थनेच्या शेवटी ‘आमेन’ म्हणतो. हिब्रूत ‘विश्वास ठेवणे’ हे क्रियापद याच शब्दाच्या कुळातलं आहे. मूळ अर्थ पक्कं असणं, टिकून राहणं. यशया ७:९ मध्ये संदेष्टा यावर शब्दखेळही करतो: विश्वास धरणार नाही तर स्थिर राहणार नाही. म्हणजे विश्वासाचा संबंध मनात उचंबळणाऱ्या भावनेशी कमी आणि पाय कशावर रोवलेत याच्याशी जास्त आहे.

भरवशाबद्दल सगळ्यांत जास्त पाठ असलेलं वचन नीतिसूत्रे ३:५ हे. आपल्याच बुद्धीवर अवलंबून राहू नकोस, असं ते सांगतं. तिथल्या मूळ क्रियापदाचा अर्थ आहे टेकणं, काठीवर भार टाकतो तसं. बुद्धी वापरू नकोस असं ते वचन म्हणत नाही. म्हणालं असतं तर पुढचं सगळं पुस्तकच फुकट गेलं असतं. सहाव्या अध्यायात दुसऱ्याच्या कर्जाला जामीन राहून अडकला असशील तर झोपू नकोस, जाऊन स्वतःला सोडवून घे, असा रोखठोक सल्ला आहे. त्याच्या लगेच खाली उन्हाळ्यात धान्य साठवणारी मुंगी आहे. पंधराव्या अध्यायात चार जाणत्यांना विचारून बेत करायला सांगितलं आहे. काठी हातात असावी, फक्त शरीराचा सगळा भार तिच्यावर नसावा.

आणि भीतीचं काय? स्तोत्र ५६:३ मध्ये भीती आणि भाव एकाच ओळीत आहेत: मला भीती वाटेल तेव्हा मी तुझ्यावर भाव ठेवीन. आधी भीती घालव, मग भाव ठेव, असा क्रम तिथे नाही. मार्क ९ मध्ये आजारी मुलाचा बाप येशूला एका दमात सांगतो की माझा विश्वास आहे आणि माझा अविश्वास घालवा. येशू त्याला आधी विश्वास पुरा करून ये म्हणून परत पाठवत नाही, मुलाला बरं करतो. छातीत धडधड होते म्हणजे भरवसा नाही, हा गैरसमज इथेच सोडून द्यावा.

दोनशे शहात्तर माणसं आणि एक होडी

भरवसा चालताबोलता पाहायचा असेल तर प्रेषितांची कृत्ये, अध्याय २७ वाचावा. प्रेषित पौल कैदी आहे. त्याला रोमला नेत आहेत. जहाज आलेक्सांद्रियाचं, गव्हाने भरलेलं. समुद्रप्रवासाचा हंगाम सरत आलेला, आणि क्रीट बेटाच्या एका बंदरात असताना पौल सांगतो की इथून पुढे जाऊ नका, माल आणि जहाजच काय, जीवही जातील. पहाऱ्यावरच्या रोमन शिपायांचा अधिकारी, शताधिपती, त्याचं न ऐकता तांडेलाचं आणि मालकाचं ऐकतो. थोड्याच वेळात ईशान्येकडून वादळ सुटतं. कित्येक दिवस सूर्य दिसत नाही, तारे दिसत नाहीत. त्या काळी दिशा कळायची ती त्यांच्यावरूनच.

मग रात्री देवदूत पौलाला सांगतो की तुझ्याबरोबरचे सगळे वाचतील. पौल हे जहाजावर जाहीर करतो, आणि जोडीला एक गोष्ट सांगतो जी उपदेशात बऱ्याचदा गाळली जाते: जहाज मात्र जाईल. वचन माणसांचं होतं, जहाजाचं नव्हतं. आपल्या प्रार्थनांत ही फारकत क्वचितच असते. देव सांभाळील म्हणजे नोकरीही तीच राहील, घरही तेच राहील आणि तारीखही आपण ठरवली तीच राहील, असं आपण परस्पर धरून चालतो.

चौदाव्या रात्री खलाशांना जमीन जवळ आल्याचा सुगावा लागतो. ते शिसं बांधलेली दोरी सोडून खोली मोजतात. आधी वीस वाव, थोडं पुढे पंधरा वाव. (दोन्ही हात पसरल्यावर बोटांच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचं अंतर म्हणजे एक वाव, अंदाजे सहा फूट. किनाऱ्यावरच्या माणसाला हे माप समजावून सांगावं लागत नाही.) म्हणजे सुमारे १२० फुटांवरून ९० फुटांवर. अंधारात खडकावर आपटू या भीतीने ते मागच्या बाजूने चार नांगर टाकतात आणि दिवस उजाडण्याची प्रार्थना करत बसतात.

तेवढ्यात काही खलाशी पुढून नांगर टाकायचं निमित्त करून होडी खाली सोडतात. बेत पळून जाण्याचा. पौलाच्या हे लक्षात येतं आणि तो शताधिपतीला सांगतो, ‘हे लोक जहाजावर राहिले नाहीत तर तुमचा बचाव होणार नाही.’ शिपाई दोर कापून होडी सोडून देतात.

आता थांबून विचार करा. सगळे वाचणार असं देवाने सांगितलेलं आहे आणि पौलाचा त्यावर पूर्ण विश्वास आहे. मग खलाशी राहिले काय आणि गेले काय? पौलाला यात विरोध दिसतच नाही. देव वाचवणार आहे, आणि कसबी हातांकडून वाचवणार आहे, म्हणून ते हात जहाजावर हवेत. मग उजाडायच्या सुमारास तो सगळ्यांना जेवायला लावतो. चौदा दिवस कुणी धड खाल्लेलं नाही आणि पुढे पोहायचं आहे. तो भाकर घेतो, देवाचे आभार मानतो, मोडून खातो. त्यानंतर उरलेला गहू समुद्रात टाकून जहाज हलकं करतात. जहाज रेतीत रुतून मोडतं. पोहता येणारे आधी उड्या टाकतात, बाकीचे फळ्यांना धरून येतात. २७६ च्या २७६ माणसं माल्टाच्या किनाऱ्याला लागतात, ओलीचिंब, थंडीने काकडलेली, बिनजहाजाची.

रोजच्या जगण्यात भरवसा असा दिसतो. खोली मोजायची, नांगर टाकायचे, रात्र आहे तोवर पुढे रेटायचं नाही, पळून जायची होडी कापून टाकायची, आणि जेवायचं. जेवणाचं विनोदाने लिहिलेलं नाही. घरात संकट आलं की पहिल्या दोन दिवसांत जेवणाच्या आणि झोपेच्या वेळा मोडतात आणि तिसऱ्या दिवशी माणसं उपाशीपोटी मोठमोठे निर्णय घेऊ लागतात. घरातल्या कुणीतरी पातेलंभर खिचडी टाकणं हा त्या घडीचा विश्वासाचा कारभार असतो.

माप: माणशी एक ओमर

निर्गम १६ मध्ये रानात इस्राएल लोकांना मान्ना, म्हणजे देवाने दिलेलं रोजचं अन्न, मिळतो त्याचे नियम फार नेमके आहेत. माणशी एक ओमर, म्हणजे सुमारे दोन लिटर, अर्ध्या लिटरच्या दुधाच्या चार पिशव्यांएवढं. सकाळी उठून स्वतः गोळा करायचं. ऊन तापलं की ते वितळून जाई. ज्यांनी दुसऱ्या दिवसासाठी राखून ठेवलं त्यांच्या भांड्यात किडे पडले आणि घाण सुटली. मात्र सहाव्या दिवशी दुप्पट गोळा करायचं, आणि ते सातव्या, विसाव्याच्या शब्बाथ दिवशी नासत नसे.

तो शेवटचा नियम महत्त्वाचा. साठवणं हाच गुन्हा असता तर सहाव्या दिवसाचंही नासलं असतं. नासलं ते उद्या मिळणार नाही या धास्तीने दडवलेलं. उत्पत्ती ४१ मध्ये योसेफ सात वर्षं पिकाचा पाचवा हिस्सा कोठारांत भरतो आणि त्यासाठी त्याची वाखाणणीच होते. तेव्हा आरोग्यविमा, भविष्यनिर्वाह निधी, चार महिन्यांचा किराणा भागेल एवढी शिल्लक, यांत अविश्वासाचं काही नाही. (विमा म्हणजे अविश्वास असं सांगणारे भाऊ गाडीवर हेल्मेट मात्र घालतात.) खूण एवढीच पाहायची: शिल्लक वाढत गेली तशी धास्ती कमी झाली की तीही वाढत गेली? वाढत असेल तर भांड्यात किडे पडायला लागलेत.

प्रभूच्या प्रार्थनेत हेच माप आहे: आमची रोजची भाकर आज आम्हांस दे. ‘रोजची’ यासाठी मूळ ग्रीकमध्ये जो शब्द आहे तो इतका दुर्मीळ आहे की शुभवर्तमानांबाहेर तो जवळजवळ सापडत नाही. ‘दिवसापुरती’, ‘जगण्यापुरती’, ‘येणाऱ्या दिवसाची’ असे त्याचे अर्थ अभ्यासक लावतात. अर्थ कुठलाही घ्या, महिन्याची किंवा वर्षाची भाकर मागितलेली नाही. मराठी भाषांतरकारांनी ‘भाकर’ शब्द घेतला तो इथे चपखल बसतो, कारण भाकरी हा थापून लगेच खायचा पदार्थ आहे, दुसऱ्या दिवशी ती कडक होते. आणि शब्द ‘माझी’ नाही, ‘आमची’ आहे. शेजाऱ्याची भाकर त्या मागण्यात आलीच. उपाशी माणसाला ‘सुखाने जा, पोटभर खा’ असा कोरडा आशीर्वाद देणाऱ्यांना याकोबाने दुसऱ्या अध्यायात चांगलं झापलं आहे. ‘तुमच्यासाठी प्रार्थना करते हं’ याच्या मागोमाग डबा गेला पाहिजे.

मत्तय ६ मधला ‘चिंता करू नका’ हा भागही मापाबद्दलच आहे. दहा वचनांत चिंतेचं क्रियापद सहा वेळा येतं. पण तो भाग ‘म्हणून’ या शब्दाने सुरू होतो हे वाचताना निसटतं. त्याच्या आधीचं वचन दोन धन्यांबद्दल आहे, देव आणि धन. म्हणजे चिंता हा तिथे मानसिक दुबळेपणा म्हणून आलेला नाही, नोकरी कुणाची करायची या प्रश्नाला जोडून आलेला आहे. शेवटही गुळमुळीत नाही: ज्या दिवसाचे दुःख त्या दिवसाला पुरे. दुःख असणार हे येशू धरूनच चालतो. उद्याचं आज उचलू नका एवढंच सांगतो.

वहीचं एक पान

‘सोपवणे’ हाताला लागावं म्हणून जुनी आणि साधी रीत म्हणजे कागद. रात्री जेवणं झाल्यावर दहा-पंधरा मिनिटं पुरतात. शंभर पानी वही चालते. मोबाइल शक्यतो नको, कारण चिंता लिहायला उघडलेला मोबाइल आणखी चार चिंता दाखवतो.

पहिली गोष्ट, चिंता मोजून लिहायची. ‘प्रभू, आर्थिक अडचण दूर कर’ हे लिहू नका. त्यात नांगर टाकायला तळच नाही. असं लिहा: ‘१० तारखेला स्कूटरचा हप्ता ४,२०० रुपये. खात्यात २,६५०. कमी १,५५०.’ छातीवरचं धोंड्याएवढं ओझं बऱ्याचदा आकडा लिहिल्यावर १,५५० रुपयांचं निघतं. कधी उलटही होतं आणि आकडा भयंकर निघतो. तरी वीस वाव आहेत की पंधरा हे कळलेलं बरं.

दुसरी, पानाच्या मधोमध उभी रेघ. डावीकडे माझ्या हातातलं, उजवीकडे माझ्या हाताबाहेरचं. वरच्या उदाहरणात डावीकडे येईल: हप्त्याच्या तारखेआधीच बँकेत जाऊन सांगणं, गेल्या महिन्याचे शिलाईचे राहिलेले पैसे मागणं, या आठवड्यात नवीन काही हप्त्यावर न घेणं. उजवीकडे: गिऱ्हाईक पैसे वेळेवर देईल का, बँकेतला माणूस समजून घेईल का, पुढच्या महिन्यात काम येईल का.

इथेच दोन चुका होतात आणि त्या नेहमीच्या आहेत. एक म्हणजे दुसऱ्याचं मन डावीकडे लिहिणं: ‘मुलाला अभ्यासाची आवड लावणं’, ‘नवऱ्याची दारू सोडवणं’. दुसऱ्याची इच्छा आपल्या हातात नसते. आपल्या रकान्यात येतं ते एवढंच की मुलाला बसायला जागा आणि शांतता देणं, दारूसाठी पैसे न देणं, व्यसनमुक्ती केंद्राची चौकशी करणं, मार पडत असेल तर घराबाहेर पडून मदत घेणं. (मार सोसत राहणं म्हणजे भरवसा, असं कुणी शिकवत असेल तर ते चुकीचं शिकवतं. जिवावर उठलेल्या शौलापासून दावीद पळाला होता, आणि स्तोत्रंही तोच रचत होता.) दुसरी चूक उलटी: आपलं काम भक्तिभावाने उजवीकडे ढकलणं. माफी मागायची आहे, फोन करायचा आहे, तपासणी करून घ्यायची आहे, आणि त्याऐवजी तीन आठवडे त्या विषयावर प्रार्थनाच चालू आहे. नहेम्या ४:९ एका ओळीत दोन्ही रकाने भरतं: आम्ही देवाची प्रार्थना केली आणि पहारा बसवला.

तिसरी, दोन्ही रकाने प्रार्थनेत घ्यायचे, पण मागणं वेगळं. डाव्या बाजूसाठी बळ आणि अक्कल मागायची. उजवी बाजू एकेक ओळ वाचून हाती द्यायची. फिलिप्पैकरांस ४:६ मध्ये विनंती आभारासह करा असं आहे, म्हणून मागण्याआधी त्या दिवसाच्या दोन-तीन गोष्टींसाठी आभार, त्याही नेमक्या: पाणी आलं, ताप उतरला, भावाने फोन केला. पौलाने हे तुरुंगातून लिहिलं, हे ध्यानात ठेवलं की आभाराचा भाग तोंडदेखला वाटत नाही.

शेवटी डावीकडचं फक्त एक काम उद्यासाठी निवडून त्याला खूण करायची आणि वही मिटायची. रात्री दोन वाजता उजवा रकाना परत डोक्यात सुरू झाला तर भांडत बसू नका, ‘ते वहीत आहे’ म्हणून कूस बदला. तरी येत राहिलं तर उठून तीच ओळ पुन्हा वाचून पुन्हा हाती द्या. एकदा सोपवलं ते परत मनात आलं म्हणजे सोपवणं खोटं होतं, असं नाही. मान्ना रोज सकाळी गोळा करावा लागे.

कॅथलिक परंपरेत याच्या जवळ जाणारी एक शिस्त आहे, संत इग्नासियस लोयोला यांची दैनिक आत्मपरीक्षा. तिच्या पाच पायऱ्या: आभार, प्रकाशाची याचना, दिवसाचा तास-तासाने आढावा, क्षमायाचना, उद्याचा निश्चय. ज्यांना रकान्यांचा कोरडेपणा आवडत नाही त्यांनी ही धरावी.

दवाखाना

यशया ३८ मध्ये हिज्कीया राजा मरणपंथाला लागलेला असतो. तो रडून प्रार्थना करतो आणि देव त्याला आणखी पंधरा वर्षं देतो. वचन मिळालं, प्रश्न मिटला. तरी त्याच अध्यायाच्या शेवटाकडे यशया सांगतो की अंजिरांचा लेप करून गळवावर बांधा. देवाच्या वचनानंतर औषध आलं, आणि ते संदेष्ट्यानेच सांगितलं. पौलाचा सोबती लूक वैद्य होता. पौल तीमथ्याला पोटाच्या तक्रारीसाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगतो, आणखी कडक उपास कर असं सांगत नाही.

म्हणून एक गोष्ट कसलाही आडपडदा न ठेवता: प्रार्थनेनंतर बरं वाटलं म्हणून क्षयाच्या, रक्तदाबाच्या, फिटच्या किंवा मानसिक आजाराच्या गोळ्या स्वतःच्या मनाने थांबवू नयेत आणि इन्सुलिन तर मुळीच नाही. क्षयाचा नेहमीचा उपचार किमान सहा महिन्यांचा असतो आणि खोकला त्याच्या कितीतरी आधी थांबतो. मध्येच सोडलं तर जंतू औषधाला दाद देईनासे होतात. देवाने बरं केलं असेल तर ते तपासणीत दिसेल आणि डॉक्टर औषध थांबवतील. लाज वाटायचं कारण नाही, येशूनेही बऱ्या केलेल्या कुष्ठरोग्याला याजकाकडे जाऊन दाखवायला सांगितलं होतं आणि त्या काळी तपासणीचा अधिकार याजकाकडेच होता.

चिंतेचंही तसंच. दोन-तीन आठवडे झोप नाही, जेवण जात नाही, कामावर जाववत नाही, जगणं नको वाटतं, असं असेल तर तो वहीचा विषय राहिलेला नाही. डॉक्टरांना दाखवा. सरकारची टेलिमानस ही मोफत दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे. झुडपाखाली पडून मरण मागणाऱ्या एलीयाला देवदूताने उपदेश केला नाही. दोनदा जेवू घातलं आणि मध्ये झोपू दिलं.

पैसा, आणि परीक्षा कुणाची

पैशाच्या बाबतीत भरवशाचा सौदा करणारे फार झाले आहेत. ‘एवढं बी पेरा, दसपट घ्या’ असं सांगून कर्ज काढून दान द्यायला लावणारा माणूस मत्तय ४ मधल्या मंदिराच्या शिखरावर उभा आहे. तिथे सैतान वचनाचाच दाखला देऊन उडी मार म्हणतो आणि येशू उत्तर देतो की देवाची परीक्षा पाहू नको. यावर मलाखी ३:१० पुढे केलं जातं, जिथे देव स्वतःच ‘माझी प्रतीती पाहा’ म्हणतो. ते वचन खरं आहे, पण ते पूर्ण वाचावं. दशांश, म्हणजे उत्पन्नाचा दहावा हिस्सा, कोठारात आणा, म्हणजे माझ्या मंदिरात अन्न राहील. दशांश म्हणजे धान्य होतं, मंदिरात सेवा करणाऱ्या, जमीन नसलेल्या लेव्यांचं पोट त्यावर होतं, आणि अनुवाद १४ प्रमाणे दर तिसऱ्या वर्षी परदेशी, अनाथ आणि विधवा त्यावर जेवत. नव्या करारात, करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या नवव्या अध्यायात, मोजमाप असं आहे की ज्याने त्याने मनात ठरवल्याप्रमाणे द्यावं, कष्टी होऊन नाही, दबावाने नाही.

ज्यांचा भरवसा सगळ्यांत धाडसी म्हणून सांगितला जातो त्यांच्या हिशेबाच्या वह्या सांगायच्या राहून जातात. ब्रिस्टलच्या जॉर्ज म्यूलरने (१८०५ ते १८९८) दहा हजारांहून अधिक अनाथ मुलं सांभाळली, आणि कुणाकडे पैसे मागायचे नाहीत, कर्ज काढायचं नाही असा नियम पाळला. पण आलेल्या प्रत्येक देणगीची नोंद, पावती आणि दर वर्षी छापील अहवाल यांत त्याने कुचराई केली नाही. पंडिता रमाबाईंनी त्याचं चरित्र वाचलं होतं. त्यांच्या शारदा सदनाला, म्हणजे विधवांसाठी काढलेल्या शाळेला, अमेरिकेतल्या रमाबाई असोसिएशनने दहा वर्षांचीच हमी दिली होती. ती मुदत संपत येताना त्यांनी प्रार्थना केली आणि केडगावला जमीन घेऊन फळझाडं लावली, उत्पन्न हवं म्हणून. मग १८९६-९७ चा दुष्काळ पडला. मध्य प्रांतातून त्यांनी सुमारे ३०० मुली-बायका आणल्या आणि त्यांची सोय या केडगावच्या शेतावरच झाली. तेच मुक्ती सदन. उत्पन्नासाठी घेतलेली जमीन आसऱ्यासाठी लागली. प्रार्थनेचं उत्तर असं बऱ्याचदा आपण आधीच लावलेल्या झाडांच्या सावलीत येतं.

निर्णय घेताना

डोळे मिटून पवित्र शास्त्र उघडायचं आणि बोट पडेल ते वचन देवाचा हुकूम धरायचं, ही सवय सोडावी. बोट कुठे पडतं हे बहुतेक वेळा पुस्तकाची घडी कुठे पडली आहे यावर ठरतं. त्यापेक्षा इग्नासियसचे दोन नियम कामाचे आहेत. मन खचलेलं असताना, चांगल्या वेळी घेतलेला निर्णय बदलू नये. आणि अडलं असेल तर अशी कल्पना करावी की कधी न पाहिलेला कुणी माणूस हाच प्रश्न घेऊन आला आहे, त्याचं भलं व्हावं असं मनापासून वाटतं, तर त्याला काय सांगाल? तेच स्वतः करावं. याच्या जोडीला पाळक किंवा फादर, एक वडीलधारं आणि त्या विषयातलं जाणतं एक माणूस, इतक्यांना विचारलं तर पुरे. विसांना विचारणं म्हणजे आपल्याला हवं ते म्हणणारा सापडेपर्यंत हिंडणं. बाकी बेत करावा, आणि याकोब ४ प्रमाणे त्यावर ‘प्रभूची इच्छा असेल तर’ हे पेन्सिलीने लिहून ठेवावं.

उत्तर येत नाही तेव्हा

पौलाने शरीरातला काटा काढ म्हणून तीनदा विनंती केली. काटा राहिला, माझी कृपा तुला पुरे आहे एवढंच उत्तर आलं. गेथशेमाने बागेत येशूनेही तीनदा तेच शब्द बोलून दुःखाचा प्याला टळावा म्हणून विनवलं. भट्टीपुढे उभे राहिलेले दानीएलाचे तीन मित्र राजाला म्हणाले की आमचा देव सोडवू शकतो, आणि ‘नाही सोडवलं तरी’ तुझ्या मूर्तीपुढे वाकणार नाही. तेव्हा कुणाच्या आजारात किंवा मरणात ‘तुमचा विश्वास कमी पडला’ असं म्हणणाऱ्याने आधी ही तीन ठिकाणं वाचावीत. मयताच्या घरी वचनं ऐकवण्यापेक्षा खुर्च्या मांडाव्यात, पाणी द्यावं, डेथ सर्टिफिकेटच्या धावपळीत कुणीतरी बरोबर जावं.

आणि स्वतःवर वेळ आली तर तक्रार करायला बंदी नाही. स्तोत्र १३ च्या पहिल्या दोनच वचनांत ‘कोठवर’ चार वेळा आहे. ते स्तोत्र पुढे भरवशाकडे वळतं. स्तोत्र ८८ तेवढंही वळत नाही. देवा, रात्रंदिवस तुला हाक मारतो, तू तोंड का लपवतोस, असं म्हणत ते अंधारावरच संपतं. ज्यांनी स्तोत्रं एकत्र केली त्यांनी त्याच्या शेवटाला आशेची एक ओळ चिकटवून द्यायला हरकत नव्हती. त्यांनी चिकटवली नाही.

कॅथलिक मंडळीच्या रोजच्या प्रहरप्रार्थनेत हे स्तोत्र शुक्रवारी रात्री, झोपण्यापूर्वीच्या प्रार्थनेत म्हणतात. ते संपल्यावर एक छोटा शास्त्रपाठ असतो आणि मग एक ओळ, जी आठवड्याच्या सातही रात्री तीच असते. ती स्तोत्र ३१ मधली आहे आणि लूकने ती वधस्तंभावरच्या येशूच्या तोंडी शेवटची म्हणून नोंदवली आहे: तुझ्या हाती मी आपला आत्मा सोपवतो. ती म्हणून होते, थोड्याच वेळात प्रार्थना संपते, आणि दिवे मालवून माणसं झोपायला जातात.